लाँग रनमध्ये पाण्यासाठी थांबा, पण घड्याळ चालू ठेवा

नव्याने मॅरेथॉनची तयारी करणारे काही जण गेली दोन-तीन वर्षे मला आपल्या धावांच्या नोंदी दाखवतात आणि त्यांवर माझे मत विचारतात. त्या नोंदींमध्ये एक सवय वारंवार आढळते आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. तीस-बत्तीस किलोमीटरच्या लाँग रनमध्ये पाणी पिण्यासाठी थांबले की घड्याळही थांबवायचे, पिऊन झाले की पुन्हा सुरू करायचे आणि शेवटी जो सरासरी पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ, मिनिटे:सेकंद) दिसेल तोच आपला मॅरेथॉनचा पेस मानायचा, अशी ती सवय आहे. माझे म्हणणे असे की पाण्यासाठी अवश्य थांबावे, मात्र त्या वेळी घड्याळ चालूच राहू द्यावे.

हे शहाणपण मला पहिल्या मॅरेथॉननंतर आले. त्या स्पर्धेच्या पाच आठवडे आधी मी ३० किलोमीटरची धाव पूर्ण केली होती. घड्याळातले ऑटो-पॉज, म्हणजे आपण थांबलो की वेळ मोजणे आपोआप थांबवणारी सोय, पहिल्या दिवसापासून चालू होते आणि त्याचा विचार मी कधी केलाच नव्हता. धाव संपल्यावर २ तास ५५ मिनिटे आणि सरासरी पेस ५:५० असे आकडे दिसले. ५:५० च्या पेसने मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर ४ तास ६ मिनिटांत पूर्ण होते, म्हणून ४ तास १० मिनिटांचे लक्ष्य मला अगदी सुरक्षित वाटले. स्पर्धेत २७ किलोमीटरपर्यंत तो पेस टिकला, पुढे पायांनी साथ सोडली आणि ४ तास ४१ मिनिटांनी मी अंतिम रेषेपाशी पोहोचले. काही दिवसांनी त्या ३० किलोमीटरच्या धावेची संपूर्ण नोंद उघडून पाहिली, तेव्हा एकूण वेळेच्या रकान्यात ३ तास १४ मिनिटे असा आकडा होता. त्या दिवशी मी सात वेळा थांबले होते आणि सगळे मिळून १९ मिनिटे उभी होते. ती धरली तर माझा पेस ६:२८ होतो. स्पर्धेतल्या अपयशाचे सारे खापर या १९ मिनिटांवर फोडणे योग्य होणार नाही, कारण माझे आठवड्याचे एकूण अंतरही कमी पडत होते. परंतु ६:२८ हा आकडा डोळ्यांसमोर असता, तर ४ तास १० मिनिटांचे लक्ष्य मी ठेवलेच नसते.

दोन मिनिटांच्या थांब्याने असा काय फरक पडतो, असे पुष्कळ जण विचारतात. सलग दीर्घकाळ धावताना घामावाटे पाणी जाते, शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त वळते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त कमी होत जाते आणि त्यामुळे पेस तोच असूनही ठोक्यांचा वेग हळूहळू वाढत राहतो. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये जो पेस जड वाटतो, त्यामागे स्नायूंच्या थकव्याबरोबर हेही एक कारण असते. आपण दोन मिनिटे उभे राहिलो की ठोके झपाट्याने खाली येतात, श्वास शांत होतो, पोटऱ्या सैल पडतात आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर त्या विश्रांतीच्या जोरावर निघतात. म्हणून सहा वेळा पाच किलोमीटर धावणे आणि सलग तीस किलोमीटर धावणे ही शरीराच्या दृष्टीने दोन वेगवेगळी कामे आहेत, नोंदवहीत मात्र दोन्ही एकसारखीच दिसतात. साध्या गणितानेही हे समजते. ६:०० च्या पेसने धावत ३० किलोमीटरमध्ये दोन-दोन मिनिटांचे सहा थांबे घेतले, तर एकूण वेळेवर काढलेला पेस ६:२४ होतो. ६:०० ने पूर्ण मॅरेथॉन ४ तास १३ मिनिटांत होते, तर ६:२४ ने ४ तास ३० मिनिटे लागतात. म्हणजे एकाच रविवारच्या एकाच धावेवरून आपण १७ मिनिटांच्या फरकाने दोन वेगळी भाकिते करू शकतो.

घड्याळ चालू ठेवले की दुसरा मोह उभा राहतो आणि माझ्या मते तो पहिल्याहून अधिक घातक आहे. समजा, ६:०० ने धावताना आपण ९० सेकंद थांबलो, तर त्या किलोमीटरचा आकडा ७:३० दिसतो आणि सरासरी एकदम खाली घसरते. ती पूर्ववत व्हावी म्हणून धावपटू पुढचे किलोमीटर जोरात काढतो. पाच किलोमीटरमध्ये ९० सेकंद भरून काढायचे तर प्रत्येक किलोमीटर १८ सेकंदांनी जलद, म्हणजे ५:४२ ने धावावा लागतो आणि तेही पोटात नुकतेच पाणी गेलेले असताना. प्रत्येक थांब्यानंतर हेच केले की सहज पेसची म्हणून ठरवलेली धाव नकळत इंटरव्हलची, म्हणजे जोरात धावण्याचे तुकडे आणि मधे विश्रांती अशी होते आणि तिचा शीण पुढचे तीन दिवस उतरत नाही. थांब्यात गेलेला वेळ गेला असे समजावे आणि पुढचा किलोमीटर आधीच्याच पेसने सुरू करावा. पहिली दोनशे-तीनशे पावले तर मुद्दाम सावकाश टाकावीत, कारण विश्रांतीनंतर पाय हलके वाटतात आणि आपला पेसचा अंदाज हमखास चुकतो.

ऑटो-पॉजची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे मला पूर्णपणे अमान्य नाही. रस्ता ओलांडण्यासाठी सिग्नलला उभे राहणे हा आपला दोष नसतो आणि त्यामुळे धावण्याचा पेस किती होता हे झाकले जाऊ नये, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. उभे असताना जीपीएसचा बिंदू थोडा इकडेतिकडे सरकतो आणि फुकटचे काही मीटर जमा होतात, हेही खरे आहे. अडचण अशी की धावपटू खरोखर केव्हा थांबला हे ऑटो-पॉजला नेहमी बरोबर कळत नाही. दाट झाडीत किंवा उंच इमारतींच्या मधे जीपीएसचा सिग्नल डळमळला की धावत असतानाही ते कधीकधी घड्याळ थांबवते आणि चढावर सावकाश चालताना तर त्याचा गोंधळ होतोच. शिवाय स्ट्रावासारखे ॲप साध्या धावेचा पेस चालत्या वेळेवरून, म्हणजे थांबे वगळून उरलेल्या वेळेवरून काढते आणि तीच धाव ‘रेस’ म्हणून नोंदवली तर एकूण वेळेवरून काढते. हा फरक माहीत नसलेला धावपटू सरावाच्या आणि स्पर्धेच्या आकड्यांची तुलना करतो आणि स्पर्धेच्या दिवशी आपले काय बिघडले याचा उगाच शोध घेत बसतो.

यावर मी वापरते तो उपाय अगदी साधा आहे. ऑटो-पॉज बंद ठेवावे, पाण्यासाठी थांबताच लॅपचे, म्हणजे धावेचा पुढचा तुकडा वेगळा मोजायला लावणारे बटण दाबावे आणि पुन्हा धावू लागताना ते आणखी एकदा दाबावे. असे केले की प्रत्येक थांबा ही स्वतंत्र लॅप होते. घरी आल्यावर धावण्याचा पेस, थांब्यांची संख्या, प्रत्येक थांब्याची लांबी आणि एकूण वेळ हे सारे एकाच नोंदीत मिळते आणि काहीही झाकले जात नाही. धावताना घड्याळाच्या पडद्यावर चालू लॅपचा सरासरी पेस ठेवावा. त्या क्षणाचा पेस जीपीएसच्या चुकांमुळे सतत वरखाली होत राहतो, तर संपूर्ण धावेच्या सरासरीत थांबे मिसळलेले असतात आणि तीच आपल्याला पाठलाग करायला लावते. लॅपच्या पेसमध्ये हे दोन्ही दोष बऱ्याच अंशी टळतात.

प्रत्येक लाँग रनला एकच नियम लावावा असे मात्र माझे म्हणणे नाही. सहज पेसच्या धावेचा हेतू पायांवर दीर्घकाळ राहणे हा असतो. तिथे चार मिनिटे थांबल्याने काही बिघडत नाही, थांबे नोंदवले की झाले. ज्या धावेत १२ किंवा १६ किलोमीटर मॅरेथॉनच्या पेसने काढायचे असतात, त्या तुकड्यात मात्र उभे राहू नये, पाणी धावत किंवा वीस-तीस पावले चालत प्यावे आणि तो वेळ पेसमध्ये धरावा, कारण स्पर्धेत आपण हेच करणार आहोत. चालण्याला कमीपणा मानण्याचे तर काहीच कारण नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी धावणे आणि चालणे यांची आलटूनपालटून रचना असलेली पद्धत शिकवली. तिच्यात चालण्याचे तुकडे दमल्यावर घ्यायचे नसतात, ते पहिल्या किलोमीटरपासून ठरलेले असतात आणि एकूण वेळेच्या हिशेबात धरलेले असतात. मला त्या पद्धतीतला हा सरळपणा फार मोलाचा वाटतो.

पाणी किती प्यावे यावर लोक आग्रहाने वाद घालतात, परंतु अंदाज बांधण्यापेक्षा मोजणे सोपे आहे. धावेआधी आणि धावेनंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे आणि मधे प्यायलेले पाणी त्यात धरावे. दीड तासाच्या धावेत वजन ६८.४ वरून ६७.२ किलोवर आले आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायले, तर १.७ लिटर घाम गेला, म्हणजे तासाला साधारण १.१ लिटर. वेगवेगळ्या हवामानात असे तीन-चार वेळा मोजले की स्वतःचा आकडा कळतो आणि तो शेजारी धावणाऱ्याच्या आकड्यापेक्षा दुप्पटही असू शकतो. गेलेला सगळा घाम धावतानाच भरून काढायचा, असा याचा अर्थ मुळीच नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००७ साली वजनातली घट दोन टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये इतपत पिण्याचा सल्ला दिला आणि त्याच वेळी गरजेपेक्षा जास्त पिण्याच्या धोक्याचीही जाणीव करून दिली. तो धोका खरा आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेले आढळले आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे घामापेक्षा जास्त पिण्याशी होता. चार तासांहून अधिक वेळ धावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण जास्त होते. सावकाश धावणाऱ्याला पिण्याच्या संधी जास्त मिळतात आणि घाम त्या मानाने कमी जातो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी ध्यानात ठेवायला हवे. धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले, तर पुढच्या वेळी नक्की कमी प्यावे. डोके जड होणे, मळमळणे, हातांची बोटे सुजणे आणि गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसत असताना आणखी पाणी पाजणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी धाव तिथेच सोडून वैद्यकीय मदत घ्यावी.

थांबावे लागते याचे एक कारण आपण एकदम खूप पितो हेही आहे. अर्धा लिटर एका दमात प्यायले की पोटात पाणी डुचमळते आणि धावणे काही काळ अशक्य होते. तेच पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी शंभर-दीडशे मिलिलिटर असे घेतले तर थांबण्याची गरजच कमी होते. त्यासाठी पाण्याची बाटली हातात किंवा कमरेच्या पट्ट्यात जवळ हवी. पेल्यातून पिताना पेल्याचा वरचा काठ चिमटून त्याची चोच करावी, श्वास सोडून झाल्यावर घोट घ्यावा आणि दोन घोटांच्या मधे श्वास पूर्ण होऊ द्यावा. या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी सरावातच अंगवळणी पडतात. मॅरेथॉनसारख्या रस्त्यावरच्या स्पर्धेत जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांनुसार साधारण दर ५ किलोमीटरवर पेयकेंद्र असते, म्हणून लाँग रनमधले नियोजित थांबेही त्याच अंतरावर ठेवले तर शरीराला तो ठेका माहीत होतो. थांबलेच तर एकदम स्तब्ध उभे राहू नये, संथ चालत राहावे. अचानक थांबल्यावर पायांत रक्त साचून भोवळ येऊ शकते आणि उन्हात तर याची शक्यता अधिक असते.

स्पर्धेच्या पेसबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. मार्ग मोजताना तो चुकून कमी भरू नये म्हणून हजार मीटरमागे एक मीटर जास्त धरतात, शिवाय आपण वळणांवर सर्वांत जवळच्या रेषेने धावत नाही आणि पेयकेंद्राकडे तिरके जातो. त्यामुळे घड्याळावर बहुधा ४२.१९५ पेक्षा जास्त अंतर दिसते. ते ४२.६ किलोमीटर भरले असे धरले, तर ४ तास १५ मिनिटांसाठी घड्याळावरचा सरासरी पेस ५:५९ असावा लागतो. कागदावरच्या गणिताने आलेला ६:०३ धरून धावलो, तर जवळपास अडीच मिनिटे उशीर होतो. म्हणून स्पर्धेत किलोमीटरच्या पाटीपाशी लॅप हाताने दाबावी आणि पेयकेंद्रांवर जाणारा वेळ आधीच हिशेबात घ्यावा. दहा केंद्रांवर प्रत्येकी वीस सेकंद धरले, तरी ३ मिनिटे २० सेकंद होतात.

गेल्या रविवारी मी ३२ किलोमीटर धावले. धावण्याचा पेस ६:१० होता, पाण्यासाठी पाच थांबे घेतले आणि ते ४०, ४५, ३५, ६० आणि ५० सेकंदांचे होते. एकूण वेळ ३ तास २१ मिनिटे १० सेकंद झाला आणि त्यावरून पेस ६:१७ निघाला. चौथा थांबा २५ किलोमीटरवर होता आणि तो ६० सेकंदांचा झाला, कारण तिथे मला पाणी पिण्यापेक्षा थांबण्याचीच गरज जास्त होती. हे मी नोंदीत तसेच लिहून ठेवले आहे. दोन आठवड्यांनी याच मार्गावर हेच अंतर पुन्हा धावायचे आहे आणि त्या वेळी २५ किलोमीटरवरचे पाणी चालत प्यायचे, असे ठरवले आहे.