‘एक्झाइल’ एकट्या तळघराचा नाही

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ या अल्बमबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. इंग्लंडमध्ये कर बुडवून पळालेला अख्खा बँड १९७१च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या नेलकोत व्हिलात राहिला, तिथल्या तळघरात सगळा अल्बम रेकॉर्ड झाला आणि नावही तिथंच ठरलं, असं त्यात म्हटलेलं असतं. ऐकायला छान आहे, पण यातलं बरंचसं खरं नाही.

आधी कराचं. थकबाकी होती, आणि ब्रिटनमधले तेव्हाचे दर इतके चढे होते की नव्या कमाईतून ती फिटणं अशक्य होतं. म्हणून नवं करवर्ष लागण्याच्या सुमारास त्यांनी देश सोडला. हे कायद्यात बसत होतं, त्याला कर बुडवणं म्हणत नाहीत.

‘अख्खा बँड एकत्र राहत होता’ हेही चूक. विलफ्रांश गावातला तो व्हिला गिटारवादक कीथ रिचर्ड्सने भाड्याने घेतलेला. ड्रमर चार्ली वॉट्सचं घर तासन्‌तास गाडी चालवावी लागेल इतकं दूर, दक्षिण फ्रान्समधल्या सेवेनच्या डोंगराळ भागात. गायक मिक जॅगरची बायको बियांका गरोदर होती, त्यामुळे त्याच्या पॅरिसला खेपा चालू असत. घर भरलेलं असे ते पाहुण्यांनी, मित्रांनी आणि वादकांनी. कोण कधी हजर असेल याचा भरवसा नसे. ‘हॅपी’ हे गाणं त्यातूनच झालं: बाकीचे यायच्या आत कीथ, सॅक्सोफोनवाला बॉबी कीज आणि ड्रम्सवर चक्क निर्माता जिमी मिलर, एवढ्यांनीच ते उरकलं. बास गिटारही कीथचीच.

तळघराची गोष्ट मात्र खरी, आणि ती सांगावी तेवढी थोडी. रेकॉर्डिंगचा ट्रक बाहेर उभा, तिथून जाड केबली खाली सोडलेल्या. वादक वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांना न दिसणारे. दमट उकाड्याने गिटारींचे सूर सारखे उतरत. ‘व्हेंटिलेटर ब्लूज’ हे नाव त्या कोंदट हवेचंच.

पण ‘सगळा अल्बम तिथंच’? ‘लव्हिंग कप’ त्यांनी जुलै १९६९मध्येच लंडनच्या हाइड पार्कमध्ये वाजवलं होतं. काही गाण्यांची सुरुवात लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत आणि जॅगरच्या स्टारग्रोव्ह्ज या घरी झाली होती. नेलकोतनंतर लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत कित्येक महिने काम चाललं. गॉस्पेल म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या ढंगाचे साथीचे आवाज तिथले. ‘शाइन अ लाइट’ या गाण्यावर पियानो-ऑर्गनवादक बिली प्रेस्टन आहे, तोही तिथलाच. हे सगळं तळघराच्या नावावर खपवणं म्हणजे त्या गायक-वादकांवर सरळ अन्याय आहे, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

राहिलं नाव. आधी ‘ट्रॉपिकल डिसीज’ हे कामचलाऊ नाव होतं. ‘एक्झाइल’ म्हणजे परागंदा होणं, त्यात फ्रान्सचा काळ नक्कीच आहे, पण मेन स्ट्रीट विलफ्रांशमधला नाही. तो अमेरिकेतला. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकने बँडला लॉस एंजेलिसच्या मेन स्ट्रीटवर फिरवून चित्रण केलं, आणि त्यातल्याच प्रतिमा मे १९७२मध्ये आलेल्या या दुहेरी अल्बमच्या वेष्टनावर आहेत.