ओहायोतली शाकारणी

छताला डाग पडला तेव्हा तो पुरीएवढा होता. एप्रिलमध्ये कोलंबसला दोन दणदणीत पाऊस झाले आणि पुरीची श्रीलंका झाली. बायको म्हणाली, "भारतापर्यंत पोचायच्या आत काहीतरी कर."

टॉर्च घेऊन माळ्यावर सरपटलो. फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा, धूर बाहेर नेणारा दुहेरी पत्र्याचा पाइप जिथून छपराबाहेर पडतो, तिथलं प्लायवूड काळंठिक्कर पडलं होतं. त्या पाइपाला छपरावर पत्र्याचं झबलं घालतात, त्याला फ्लॅशिंग म्हणायचं. आमचं झबलं गंजून फाटलेलं, आणि आधीच्या मालकाने त्यावर मेदूवड्याच्या आकाराचं डांबर थापलेलं. डांबर उन्हात तडकतं आणि मग पाणी अडवायचं सोडून साठवत बसतं.

छपरवाल्याने ६५० डॉलर सांगितले. दुकानात फ्लॅशिंग २२ डॉलरला होतं. मधल्या ६२८ डॉलरसाठी मी फर्नेस बंद करून शिडी लावली.

वेळ सकाळी साडेसातची, मुद्दाम. शिंगल म्हणजे इथलं डांबरी, चपटं कौल. त्याच्या पोटाशी डांबराची पट्टी असते, ती खालच्या शिंगलला घट्ट धरते. गारव्यात चपट्या पहारीने हलकेच सुटते. दुपारी तीच चिक्कीच्या पाकासारखी ओढते, आणि कडक थंडीत शिंगलचाच पापड मोडतो. एवढं वाचून ठेवलं होतं. पाइपाला धक्का लावू नये, खाली सांधा निखळला तर घरात विषारी कार्बन मोनॉक्साइड, हेही वाचलं होतं. त्यामुळे आधाराला धरायला छपरावर एकच वस्तू, आणि नेमकी तीच धरायची नाही!

शर्टाच्या खिशात फोन, कॅमेरा बाहेर. देवरुखला संध्याकाळचे पाच वाजलेले, बाबा चहा घेत बघत होते. बाबांनी जन्मात फर्नेस पाहिलेला नाही. पण पन्नास वर्षं दर मे महिन्यात घर शाकारलंय.

पाइपाची टोपी काढली, जुनं झबलं उपसलं, नवं वरून ओवलं आणि सहा खिळे ठोकून विजयी मुद्रेने बसलो.

"वरची कड कुठे घातलीस?" बाबा.

"शिंगलवर."

बशीवर कप टेकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"अरे, कौलं लावताना वरचं खालच्यावर चढवतात ना? पाणी वरनं येतं, बाबा रे. तुझ्या पत्र्याची वरची कड शिंगलच्या पोटात जायला हवी. खालची तेवढी बाहेर. तू तर पाण्याला दार उघडून दिलंस."

माहितीपत्रकात हेच चित्र होतं. माहितीपत्रक गाडीत होतं.

सहाही खिळे उपटले. दोन शिंगल मोडले, एक नख काळं झालं. वरच्या शिंगलांच्या पोटात पत्रा सरकवला, खिळे त्यांच्याखाली लपवले, जुन्या भोकांत सीलंट भरलं. बाबा "हां, आत्ता कसं" म्हणाले. आमच्याकडे यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही. मी टोपी घातली आणि तिन्ही स्क्रू असे आवळले की पुन्हा कुणाच्या बापाला सुटू नयेत.

पाइप तापून फुगतो, म्हणून झबल्याच्या गळ्याशी फट ठेवतात आणि त्या फटीवर छत्रीसारखी अखंड कॉलर बसवतात. ती टोपीच्या आधी ओवायची असते. ती खाली, शिडीच्या पायथ्याशी, गवतात चमकत होती.

बाबांना काही कळू नये म्हणून मी पटकन फोन आकाशाकडे वळवला.

"आभाळ भरलंय रे तुझ्याकडे," बाबा म्हणाले.