गंजलेला बँडसॉ म्हणजे भंगार नव्हे

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणाऱ्या पात्याची विजेवरची करवत. पावसाळा सरला की सुतारकाम करणाऱ्यांच्या फोनवर एक सल्ला फिरू लागतो: "गोव्यातला जुना बँडसॉ घेऊ नका, खारी हवा बीड (ओतीव लोखंड) खाते. टेबल गंजलेलं दिसलं की मशीन भंगार समजा. घ्यायचाच तर मोटर चालवून बघा. मोटर चांगली तर मशीन चांगलं. पातं तिरकं गेलं तर चाकं वाकलेली."

असा सल्ला ऐकून चांगली मशीनं किलोच्या भावाने जातात, आणि तडा गेलेली रंग मारून विकली जातात. चौरंगाचे वळणदार पाय, देव्हाऱ्याच्या कमानी काढणाऱ्या छोट्या मेस्ताला जुना बँडसॉ हाच परवडतो. म्हणून हे खोडून काढायला हवं.

आधी गंज. बीडाच्या टेबलावरचा तांबूस थर बहुतेक वेळा वरवरचा असतो. रॉकेल टाकून स्टील वूलने घासा, मग लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून एकसारखा फिरवा. काळे डाग राहतील, बारीक खड्डेही राहतील. पण लाकूड त्यावरून सरकतं, कापाला काही होत नाही. खाऱ्या हवेचं म्हणणं अर्धं खरं आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून किनाऱ्यालगतचं मशीन नुसतं घासून भागत नाही. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरडं करायचं आणि मेण चोळायचं. सिलिकॉनचा फवारा नको. तो लाकडाला लागला की पॉलिश नीट धरत नाही.

खरा गंज शोधायचा तर खालच्या चाकाचं दार उघडा. तिथे साचलेला भुसा पावसाळाभर ओल धरून ठेवतो. पत्र्याला भोक पडलं तर पत्रा बदलता येतो. शाफ्टवर बेअरिंग बसतं तिथेच खड्डे पडले असतील तर मात्र काम लेथवर जातं. तो खर्च किमतीतून आधीच वजा करून घ्या.

मोटरवरून मशीन पारखणं तर पूर्ण उलटं आहे. जळलेली मोटर रिवाइंड करून मिळते, म्हापसा असो की मडगाव. चौकट मिळत नाही. चौकटीचे कोपरे आणि टेबलाखालचे अर्धगोल आधार टॉर्च आडवी धरून बघा, रंगाखालचा तडा तेव्हाच दिसतो. चौकटीला तडा असेल तर मी ते मशीन फुकटही घेणार नाही. बीडाचं वेल्डिंग होतं, पण पात्याचा सगळा ताण पेलणाऱ्या जागी त्या सांध्यावर भरवसा ठेवून मी कुणालाही उभं करणार नाही.

मोटर सुरू करण्यापेक्षा वीज बंद करून, पातं आणि पट्टा उतरवून दोन्ही चाकं हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, नंबर त्याच्यावरच असतो. ६२०४ म्हणजे आतलं भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४, कंपनी कुठलीही असो. मोटरबद्दल एकच गोष्ट आधी विचारा: सिंगल फेज की थ्री फेज? घरच्या जोडणीवर थ्री फेज मोटर तशीच चालणार नाही.

राहिलं तिरकं जाणारं पातं. एका बाजूचे दात बोथट झाले, ताण कमी पडला किंवा पात्याला सरळ धरणारे गाइड नीट लावलेले नसले की नवंकोरं मशीनही तिरकं कापतं. चाकांना दोष देण्याआधी नवं पातं चढवून बघा. त्यानंतर टायर. बऱ्याच मशीनांत चाकावरचं रबर मधोमध किंचित फुगीर असतं आणि त्या फुगवट्यामुळेच पातं जागेवर राहतं. रबर कडक होऊन तडकलं किंवा सपाट झालं की पातं पुढेमागे धावतं. जुनं रबर आणि गोंद खरवडून काढा. पॉलियुरेथेनचा टायर गरम पाण्यात मऊ करून चाकावर ओढून चढवता येतो. वरच्या चाकाची स्प्रिंगही तपासा. पातं वर्षानुवर्षं ताणलेलंच ठेवलेल्या मशीनमध्ये ती दबून गेलेली असते, मग फणसाची जाड फळी उभी चिरताना पुरेसा ताण मिळत नाही. स्प्रिंग नवी बसवा, आणि रोज काम संपलं की पात्याचा ताण उतरवून ठेवा.