किंमत अंदाजे

पुण्यात चोरी झाली की पोलिसांच्या आधी सोसायटी तपासाला लागते. लक्ष्मी रोडजवळच्या गल्लीतून माझी सायकल गेली, ही बातमी मी जिना चढून घरी पोचायच्या आत वरच्या मजल्यावर पोचली होती. सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या अण्णांनी आदेश काढला, ‘‘११२ फिरवा!’’ आता ११२ तातडीच्या मदतीसाठी. चोर माझी वाट बघत थांबला असता तर जरूर फिरवला असता. भाच्याने १९३० सुचवला. तो ऑनलाइन पैसे लुबाडले गेल्यावर लावतात. माझी सायकल यूपीआयने गेलेली नव्हती.

तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘पोलिसांच्या पोर्टलवर ‘हरवलं’ म्हणून टाका ना, घरबसल्या काम होतं.’’ पण हरवते ती छत्री. सायकलीचं कापलेलं कुलूप विजेच्या खांबाला अजून इमानदारीने लटकत होतं. हरवलेली सायकल कुलूप कापून जात नाही.

तेव्हा ते कुलूप पिशवीत घालून ठाण्यात गेलो. अण्णा बरोबर होतेच.

ठाणे अंमलदार शांत गृहस्थ. ‘‘काका, खांब रस्त्याच्या कुठल्या बाजूला?’’

प्रश्न भौगोलिक वाटला तरी राजकीय होता. त्या रस्त्याच्या मधोमध दोन ठाण्यांची हद्द आहे. माझी सायकल देशाच्या सीमेवर उभी होती, हे मला तेव्हा कळलं. पण अण्णा याच क्षणासाठी आले होते. ‘‘१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम १७३! गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर घ्यावीच लागते. झिरो एफआयआर!’’

‘‘घेतोच आहे, आजोबा. शून्य नंबरने घेऊन तिकडे पाठवायची की आमच्याच नंबरने, एवढंच बघतोय.’’

अण्णांचा चेहरा पडला. एक तर ‘आजोबा’. त्यात दखलपात्र गुन्ह्याची नोंद टाळता येत नाही, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा ललिता कुमारी निकाल त्यांनी खिशात घडी करून आणला होता, तो बाहेर काढायची वेळच आली नाही. भांडायच्या तयारीने गेलेल्या माणसाला समोरच्याने सहकार्य करणं फार लागतं.

खांब याच बाजूचा निघाला. खरी परीक्षा पुढे होती.

‘‘सायकलीची किंमत?’’

‘‘साडेअकरा हजार. २०१६ ची पावती आहे.’’

‘‘आजची सांगा. अंदाजे.’’

इथे सगळी मेख आहे. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र. म्हणजे एनसी, अर्थात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहितात, तुमच्या हातात तिची प्रत येते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पाच हजार झाले की एफआयआर. सायकल तीच, चोरही तोच. मधे फक्त घसारा.

बायकोला फोन लावला. (लावायला नको होता, पण पावत्यांची फाइल तिच्याकडे.) ‘‘अहो, भंगारवाला तीनशे देत होता,’’ ती म्हणाली. फोन स्पीकरवर होता. अंमलदारांनी पेन खाली ठेवलं.

मग अण्णांमधला बँकवाला जागा झाला. मूळ सायकलीचा घसारा वजा केला. गेल्या वर्षीचे दोन्ही टायर मिळवले, नवी सीट मिळवली, गिअरची दुरुस्ती पावतीसकट मिळवली. तारणाचं मूल्यांकन करण्यात उभी हयात गेलेला माणूस. आकडा साडेपाच हजारांवर आला आणि तिथून हलेना. अंमलदारांनी एकेक पावती उलटून पाहिली आणि मान डोलावली.

फिर्याद झकास झाली. ‘‘समक्ष हजर राहून फिर्याद देतो की,’’ अशी सुरुवात. पुढे कोणा अज्ञात चोरट्याने माझ्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने ‘‘काळे रंगाची, जुनी वापरती सायकल, किंमत अंदाजे रु. ५,५००’’ चोरून नेली. मला वाचून दाखवली, मी सही केली, प्रत मोफत मिळाली. अण्णांनी ती माझ्या आधी वाचली.

घरी बायकोने आकड्यावर बोट ठेवलं. ‘‘साडेपाच हजार?’’

‘‘कायदेशीर मूल्यांकन आहे.’’

‘‘मग सापडली की लगेच विकून टाका.’’