“गूळ चालतो, भाकरी कितीही चालते”: मामांच्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा घरच्या ग्रुपवर मामांनी मेसेज टाकला. डायबेटिस हा आजारच नाही, गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा, साखर सोडून गूळ घ्या, ज्वारीची भाकरी पोटभर खा, बेदाणा नैसर्गिक म्हणून चालतो, आणि 21 दिवस कारल्याचा रस प्यायलात की गोळ्या कायमच्या बंद. आता सांगलीत असलं काही पसरायला वेळ लागत नाही, गूळ आपला, बेदाणा आपला, शाळू आपला, आपल्याच मालाला नावं कोण ठेवणार.

पहिलं गुळाचं. साखर आणि गूळ एकाच उसाच्या रसातनं निघतात. गुळात थोडं लोह वगैरे असतं, मान्य, पण बाकी बहुतेक साखरच आणि शरीर तिला साखर म्हणूनच वागवतं. खरी गंमत पुढं आहे. मामा आधी चहात एक चमचा साखर घ्यायचे, गुळाचा म्हटल्यावर चांगला सुपारीएवढा खडा टाकायला लागले, तोही दोन वेळा. मी शुगर मोजायचं मशीन घेऊन बसलो. चहाआधी 142, तासाभरानं 219. मामा म्हणाले तुझं मशीन बिघडलंय. मग तोच चहा मी प्यालो आणि तासाभरानं माझं बोट टोचलं, 112 आलं. मामा गप्प, मामी हसायला लागली.

भाकरीबद्दल मी काही वाईट बोलणार नाही, मैद्यापेक्षा कधीही चांगली. पण ज्वारीचं असो की गव्हाचं, 100 ग्रॅम पिठात साधारण 65 ते 70 ग्रॅम कार्ब (पोटात गेल्यावर ज्याची साखर होते ते) असतातच, त्यामुळं ‘पोटभर’ हा शब्दच घातक आहे. चार भाकरी आणि वाटीभर आमटी खाण्यापेक्षा दीड भाकरी, जास्तीची उसळ, आधी काकडी-मुळा आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं, याचा फरक मशीनवर दिसतो, करून बघा.

बेदाणा म्हणजे पाणी काढलेलं द्राक्ष, त्यामुळं साखर घट्ट होऊन बसते, वजनाच्या निम्म्याहून जास्त. तासगावला पाहुण्यांकडं गेलं की गप्पा मारता मारता मूठ कधी तोंडात जाते कळत पण नाही.

कारल्यानं शुगर थोडी उतरते असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही. पण गोळी चालू असताना उपाशीपोटी ग्लासभर रस प्यालात तर शुगर 70 च्या खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात, आणि तेव्हा पाण्यात तीन चमचे साखर घालून प्यावी लागते, म्हणजे फिरून साखरच.

आता गोळ्या बंद. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात (2017) टाइप 2 वाल्यांपैकी कडक आहार पाळणाऱ्या गटातले 46 टक्के लोक वर्षभरानं गोळीशिवाय डायबेटिसच्या पातळीखाली आले. पण त्यांना आजार असल्याचं कळून सहा वर्षं झालेली नव्हती, सुरुवातीचे काही महिने दिवसाला जेमतेम 850 कॅलरी, वजन भरपूर उतरवलेलं आणि सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली. 21 दिवसांचं म्हणाल तर एचबीए1सी (रक्ततपासणीतला शुगरचा आकडा) हीच दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, एवढ्यात ती पूर्ण बदलत पण नाही. आणि टाइप 1 च्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा, पोरांचं इन्सुलिन असला मेसेज वाचून कुणी थांबवलं तर ते काही दिवसांत जिवावर बेततं, 1922 ला इन्सुलिन मिळायच्या आधी हा आजार झालेली पोरं वाचत नव्हती.

‘आजारच नाही’ला काय उत्तर देणार. उपाशीपोटी 126 किंवा एचबीए1सी 6.5 च्या वर असून काही दुखत नाही, हीच तर अडचण आहे, डोळ्याचा पडदा आणि किडनी आधी सांगून बिघडत नाहीत.

मेसेज वाचून ज्यांनी गोळ्या सोडल्यात त्यांनी उद्या सकाळी उपाशीपोटी शुगर बघा आणि जुनी फाइल घेऊन आपल्या डॉक्टरांकडं जा, चुकलेल्या गोळ्या एकदम भरून काढू नका. मामा सोमवारी जाऊन आले, गूळ आता मामीच्या ताब्यात आहे.