नुसतं जीके पाठ करून हॉट सीट मिळत नाही
केबीसीत (कौन बनेगा करोडपती) कसं जायचं यावरच्या एका लेखात रोज पेपर वाचा, जीके पक्कं करा एवढंच म्हटलंय, बरोबरच आहे पण गाडी त्याच्या कितीतरी आधी अडते ना राव. रजिस्ट्रेशनच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर असलं तरी पुढे कॉम्प्युटर रँडम नावं काढतो, म्हणून एकदा पाठवून गप्प नाही बसायचं, रोजच्या प्रश्नाला उत्तर पाठवत राहायचं. मग फोनवर प्रश्न, मग ऑडिशन, तिथे जीकेची टेस्ट आणि व्हिडिओ इंटरव्ह्यू, आणि आपली माणसं इथेच माती खातात, नाव गाव नोकरी आवड वाचन, झालं, संपलं. २०१९ ला एक कोटी जिंकलेल्या अमरावतीच्या बबिता ताडे आठवा, शाळेत खिचडी शिजवायच्या, जिंकल्यावर काय घेणार तर म्हणे मोबाईल! असं मोकळं बोलता आलं पाहिजे. फास्टेस्ट फिंगरला, म्हणजे हॉट सीटवर कोण बसणार हे ठरवणाऱ्या फेरीत, बहुतेकदा चार पर्याय क्रमाने लावायचे असतात त्यामुळे नुसत्या सनावळ्या घोकू नका, आधी कोण नंतर कोण हे झटकन सुचलं पाहिजे. आणि हो, व्हॉट्सॲपवर केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली म्हणून मेसेज आला तर सरळ ब्लॉक करा, तो फ्रॉड आहे.