पंचेचाळीस मिनिटांचा प्रवास

परवा एका लग्नाला मी मुहूर्त टळून गेल्यावर पोहोचलो. एका आडगावाहून दुसऱ्या आडगावी जायचे, म्हणून पहाटेच निघालो होतो आणि वाहने बदलत, डोंगराला वळसा घालत दिवस मावळताना मांडवात शिरलो. एवढ्यावर हा भाग आटोपतो, कारण खरा छळ पुढेच आहे.

दाराशी वधूच्या आत्याचे यजमान फोन घेऊन उभे होते. मी चपला काढतो न काढतो तोच त्यांनी विचारले, "पंचेचाळीस मिनिटांच्या प्रवासाला एवढा वेळ कसा हो लागला तुम्हाला?"

"पंचेचाळीस मिनिटे कुठली?"

"विमानाने. अंतर २०० किलोमीटर."

"अहो, आमच्या गावात विमानतळ नाही आणि तुमच्याही नाही."

"तो प्रश्न वेगळा," ते शांतपणे म्हणाले. "मी फक्त वेळ सांगतो आहे."

हा हिशेब कसा होतो, हे मला ठाऊक होते. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गुळगुळीत गोल आहे असे मानायचे, त्या गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर काढायचे, त्याला ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. या गणितात डोंगर नाही, नदी नाही, बस चुकणे तर नाहीच. सकाळपासून पोटात अन्न नसलेल्या माणसाने हे सारे समजावून सांगावे अशी अपेक्षा नव्हती, तरी मी सांगितले. ग्रीनलंडमधील इट्टोकोर्टूर्मीत या गावाचे उदाहरण दिले, जिथला विमानतळ गावापासून सुमारे ४० किलोमीटर दूर आहे आणि विमानातून उतरल्यावर गावात जाण्यासाठी बहुधा हेलिकॉप्टर धरावे लागते. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही विमानफेरी दोन मिनिटांच्या आत संपते, तीसुद्धा दोन्ही बेटांवर धावपट्टी आहे म्हणूनच, हेही बजावले. शेवटी हुकमाचे पान टाकले: दक्षिण अटलांटिकमधील ट्रिस्टन द कुन्हा. तेथे विमानतळच नाही. केप टाउनहून बोटीने साधारण आठवडा लागतो.

यजमानांनी फोनवर बोट फिरवले. "चार तास," ते म्हणाले. "आठवडा कशाला घालवतात?"

तोवर ही बातमी पंक्तीपर्यंत पोहोचली होती. ज्यांनी मला पाणीसुद्धा विचारले नाही, ते सगळे "इतके जवळ असून उशीर?" असे मात्र आवर्जून विचारत होते. एका वयस्कर बाईंनी तर पूर्वी माणसे पायी येत पण वेळेवर येत, असे मला ऐकवले. दिवसभर खाल्लेले हेलकावे माझ्या अंगात अजून होते, पण साक्ष फोनची ग्राह्य धरली गेली.

जेवण उरकून रात्रीची एकमेव बस गाठायला निघालो, तर यजमानांनी हात धरून बसवले. "पंचेचाळीस मिनिटे तर लागतात, निवांत जा." बस गेली. मग त्यांच्याच खोलीत माझी गादी घातली गेली आणि दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, "परतताना तुम्ही पश्चिमेकडे जाणार, नाही का? समोरचा वारा धरला, तर पन्नास मिनिटे म्हणा."